पाचोळा, जमिनीतले जीव आणि नायट्रोजन: आकडे जुळत नाहीत (पानगळ, तांबडीमाती, ओलावा ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

पानगळ: भीमाशंकरकडच्या अंजन-जांभळाच्या रानातल्या तीन नोंदी आहेत. सापळ्यात पडलेला पाचोळा, किती कुजतं ते वजनावरून बघायला मार्चमध्ये ठेवलेल्या पाचोळ्याच्या जाळीदार पिशव्या (२ मिमी जाळी, १० ग्रॅम) आणि बर्लीज फनेलमधल्या (दिव्याच्या उष्णतेने पाचोळ्यातले जीव खाली उतरवणारं नरसाळं) जिवांची मोजणी. जीव जास्त तिथे पाचोळा लवकर कुजायला हवा ना? आलेख सपाट येतोय.

तांबडीमाती: घोळ जाळीत आहे. २ मिमीतून स्प्रिंगटेल आणि माइट हे बारीक जीव आत जातात. पानं कुरतडणारे मोठे वाणी किडे, गोगलगायी बाहेरच राहतात. फनेलमध्ये ते मोजले, पिशवीत मात्र त्यांना मज्जाव! एकाच जागी १ आणि ५ मिमीच्या जोड्या ठेवा, फरक तो मोठ्या जिवांचा वाटा. ५ मिमीतून चुरा गळतो, म्हणून खालची बाजू बारीक जाळीचीच शिवा. आणि डोकी मोजू नका. शंभर माइट आणि एक वाणी यांची बेरीज निरर्थक. लांबीवरून वजन काढून दर चौरस मीटरला किती ग्रॅम, ते मांडा.

ओलावा: मार्चचा मुहूर्तही चुकला. पावसापर्यंत पिशव्या जवळजवळ तशाच पडून राहतात, जूनमध्ये एकदम वजन उतरतं. वजन कसं घटतं ते मांडणारं ओल्सनचं घातांकी सूत्र कुजण्याचा वेग सतत एकच धरतं. कोरडे महिने आणि पावसाळा वेगळे काढा, जून-जुलैत दर १५ दिवसांनी काही पिशव्या उचला. पाच पिशव्या रानात नेऊन त्याच दिवशी परत आणून तोला, वाटेत सांडलेला चुरा कळतो.

पानगळ: नायट्रोजनची टक्केवारी तर उलट वाढतेय!

तांबडीमाती: वाढणारच. १० ग्रॅम पानांत १ टक्का, म्हणजे १०० मिग्रॅ. समजा उरली ६ ग्रॅम, त्यात १.५ टक्के, म्हणजे ९० मिग्रॅ. वजन ४० टक्के घटलं, नायट्रोजन फक्त १०. बुरशी बाहेरून नायट्रोजन ओढून घेते. टक्केवारीला उरलेल्या वजनाने गुणल्याशिवाय प्रवाह दिसत नाही. त्याआधी ६०-६५ अंशांवर वाळवा आणि थोडा नमुना ५५० अंशांवर चार तास जाळून राख वजा करा, नाहीतर पावसात उडालेली लाल माती पानाच्या हिशेबात येते.

ओलावा: कोण कोणाला खातं ते आयसोटोपवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) काढणार असाल, तर जड नायट्रोजन-१५ ची अन्नसाखळीच्या पायरीमागे सुमारे ३.४ प्रति हजार वाढ ही सरासरी आहे. तुलनेचा पाया त्याच प्लॉटच्या पाचोळ्याचा धरा. नमुने अल्कोहोलमध्ये नको, कार्बनचा आकडा सरकतो. गोठवा.