मदत हवी आहे: पुढच्या आठवड्यात डिस्ने, आईचे गुडघे, काय करू?

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात सगळे डिस्नेला जातोय. तिकिटं, हॉटेल झालंय. आईला पंधरा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. व्हीलचेअर घेऊ म्हटलं तर "मी काय आजारी आहे का?" म्हणून दोन दिवस अबोला. रांगेत उभं राहावं लागणार नाही अशी काही सोय असते का? ज्यांनी आईवडिलांना नेलंय त्यांनी प्लीज लवकर सांगा.

भटकभवानी
कुठलं डिस्ने? कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, पॅरिस, टोकियो? बरोबर कोण कोण आहे? मुलं केवढी? इतकं कळल्याशिवाय काय सांगणार?

पन्हाळकर
आम्ही मागच्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाला गेलो होतो. सकाळी दार उघडायच्या वेळी पोचायचं, मोठ्या राइड आधी उरकायच्या, दुपारी सावलीत बसायचं. सगळीकडे हेच सूत्र चालतं.

शेवग्याची_शेंग
अहो, फ्लोरिडातलं, ओरलँडोचं. आम्ही शिकागोला असतो. मी, बायको, मुलगा पाच वर्षांचा, आई-बाबा.

मोरपंखी७२
व्हीलचेअर घ्याच. एकदा खुर्ची घेतली की अख्ख्या कुटुंबाला वेगळ्या दारातून थेट आत सोडतात. आमच्या शेजाऱ्यांनी तसंच केलं होतं.

भटकभवानी
मोरपंखी, ही माहिती जुनी आहे, कृपया पसरवू नका. बहुतेक रांगा आता खुर्ची जाईल एवढ्या रुंद आहेत, खुर्चीवाले सगळ्यांबरोबर त्याच रांगेतून जातात. रांगेत न थांबता ठरलेल्या वेळी परत येण्याची 'डास' नावाची सवलत आहे, पण २०२४ पासून ती मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. गुडघेदुखीला मिळत नाही. खुर्चीचा फायदा एवढाच की आई रांगेत बसून पुढे सरकतील. शेंगदादा, तुम्हाला नेमकं तेच हवंय ना?

आता तारखा सांगा. आणि मुलाची उंची. वय नको, उंची.

शेवग्याची_शेंग
उंची कशाला? १०४ सेंमी असेल. २ जुलैला पोचतोय, ३, ४, ५ पार्क, ६ ला परत. पहिल्या दिवशी मॅजिक किंगडम.

कढीपत्ता
तीन आणि चार जुलै! आणि हे तुम्ही आत्ता सांगताय!

मॅजिक किंगडम ५ तारखेला ढकला. चार जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, खास आतषबाजी तिथे आदल्या रात्रीपासूनच असते, दोन्ही संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नसते. ३ ला एपकॉट करा, ४ ला ॲनिमल किंगडम. तिथे प्राण्यांमुळे फटाके नसतात, त्यामुळे रात्रीसाठी थांबायचा मोह नाही. तुमचं तिकीट 'रोज एक पार्क'वालं असेल तर कुठल्या दिवशी कुठलं हे आता आधी ठरवून द्यावं लागत नाही, ते बंधन २०२४ च्या जानेवारीत गेलं.

उंची यासाठी की तिथे वय कुणी विचारत नाही, पट्टीला उभं करतात. सेव्हन ड्वार्फ्स या राइडला ९७ सेंमी लागते, सोअरिनला १०२, ती जमेल. स्पेस माउंटनला ११२ आणि ट्रॉनला १२२, ती नाही. पोराला आधीच सांगून ठेवा. आमची लेक स्पेस माउंटनच्या दारात अर्धा तास रडली होती, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

तुम्हा दोघांना मोठ्या राइडवर बसायचं असेल तर दारावरच्या माणसाला 'रायडर स्विच' म्हणा. एकजण जाऊन येतो तोवर दुसरा मुलापाशी, मग दुसऱ्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही. आईंना तेवढीच विश्रांती मिळते.

हिशेबी_माणूस
हॉटेल डिस्नेचं आहे की बाहेरचं? त्यावर सगळं अवलंबून आहे.

शेवग्याची_शेंग
बाहेरचं. गाडी भाड्याने घेतोय.

हिशेबी_माणूस
मग एक लक्षात घ्या. मॅजिक किंगडमला गाडी लावली की समोर पार्क नसतो, तळं असतं. तिथे आधी तपासणी, मग मोनोरेल किंवा बोट, मग दार. त्यात पाऊण तास सहज जातो आणि पार्कच्या भाड्याच्या खुर्च्या त्या दारापाशी. म्हणजे आईंचं सगळ्यात त्रासाचं चालणं खुर्ची मिळायच्या आधीच होणार. शिवाय ती खुर्ची पार्कबाहेर नेता येत नाही. म्हणून खुर्ची स्वतःची असू द्या, घडीची हलकी मिळते, शिकागोतच घ्या.

बाकी लायटनिंग लेनवर, म्हणजे जादा पैसे देऊन मिळणाऱ्या छोट्या रांगेवर, पैसे घालू नका. सकाळी लवकर गेलात तर पहिल्या दोन तासांत चार राइड होतात. पाच जणांचे तीन दिवसांचे पैसे वाचवा.

भटकभवानी
जुलैच्या गर्दीत, दोन ज्येष्ठ आणि एक पोर घेऊन? डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, हे बाहेरचे. पहिल्या दोन तासांचं गणित इथे बसत नाही. निदान मॅजिक किंगडमच्या दिवशी घ्याच. बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी सातला बुकिंग उघडतं. शिकागोत तेव्हा सहा वाजलेले असतात. ५ तारखेसाठी २ तारखेला.

हिशेबी_माणूस
आम्ही ऑगस्टमध्ये एक पैसा न देता केलं. माझं मत कायम आहे.

भटकभवानी
तुमच्याबरोबर ज्येष्ठ होते का?

हिशेबी_माणूस
नव्हते. हा मुद्दा मान्य.

रॉकेटवाला
तिथून तासाभरावर केनेडी स्पेस सेंटर आहे. अपोलोचं खरं सॅटर्न पाच रॉकेट आडवं ठेवलंय, त्याच्याखालून चालताना अंगावर काटा येतो. एपकॉटचा दिवस काढून तिकडे न्या.

शेवग्याची_शेंग
रॉकेटवाला, तिकिटं काढून झालीत हो. खाण्याचं कुणी सांगेल का? आई-बाबा पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

कढीपत्ता
डबा बिनधास्त न्या. काचेची बरणी आणि दारू सोडून बाहेरचं खाणं चालतं. मी तीनही दिवस थालीपीठ, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. दही नेऊ नका, उन्हात आंबतं. काउंटरवर जेवण मिळतं अशा कुठल्याही ठिकाणी बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात.

मोरपंखी७२
दशम्या दुधातल्या का? प्रवासात तीन दिवस टिकतात? माझ्या दुसऱ्या दिवशीच कडक होतात.

कढीपत्ता
दूध-गुळातल्या, कोमट दुधात मळून. सविस्तर व्यक्तिगत निरोपात कळवते.

शेंगदादा, ४ तारखेला ॲनिमल किंगडममधून दुपारीच निघा आणि तिथल्या लॉजमधल्या 'सना'त जागा मिळते का बघा. नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या, आणि खिडकीतून जिराफ दिसतात. सफारी मात्र सकाळी पहिली करा. तिच्या गाडीत खुर्ची चढते.

विम्याचं_बघा
आईबाबांचा व्हिजिटर विमा काढलाय का? जुन्या गुडघेदुखीचा खर्च बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. कागद नीट वाचा.

आजी_डेट्रॉइटवाली
मी सत्तरीची आहे. लेकाने मलाही खुर्ची घेऊ म्हटलं होतं, मीही नाहीच म्हटलं. खरं सांगते, दुखण्याची लाज नव्हती. मला वाटलं, लेक आणि सून सुट्टीत मला ढकलत फिरणार, नातवाचा हात कोण धरणार? मी चालले. एपकॉटमध्ये अकरा देशांची दालनं आहेत तळ्याभोवती, ती फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची. आमच्या ह्यांना भारताचं दालन बघायचं होतं, ते त्यात नाहीच, पण शोधत पूर्ण फिरलो. दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना. सगळे पार्कात आणि मी खोलीत पडदे लावून. नातू संध्याकाळी येऊन एकेक राइड हातवारे करून सांगत होता आणि मी ते पाहिलेलं नव्हतं.

आईला आजारपणाचं काही बोलू नको. खुर्ची सामानाची म्हणून ने. पाण्याच्या बाटल्या, डबा, पोराचा रेनकोट तिच्यावर. सकाळी तिने स्वतः ढकलावी, तेवढा आधारही होतो. दमली की बसेल. नातू मांडीवर बसला तर उठणारही नाही.

आणि दुपारी तीनच्या सुमारास तिथे ढग फुटतात, विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड बंद. तेव्हा मॅजिक किंगडममधलं कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हा बसून बघायचा कार्यक्रम बघा. गारेगार, वीस मिनिटं, खुर्चीतून उठायला लागत नाही. शेजारच्या पीपलमूव्हर या राइडला मात्र सरकत्या पट्ट्यावरून चालत वर जावं लागतं, ते लक्षात ठेव.

भटकभवानी
आजी, तुम्ही फार मोलाचं लिहिलंत.

शेवग्याची_शेंग
आजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. काही बोलली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "त्या खुर्चीला मागे पिशवी अडकवता येते का?" उद्या आणायला जातोय. मॅजिक किंगडम ५ ला केलंय, २ तारखेचा सकाळी पावणेसहाचा गजर लावलाय.

शेवटचं एक: खुर्ची विमानात सामानात मोजतात का?

हिशेबी_माणूस
नाही, वेगळे पैसे पडत नाहीत. विमानाच्या दारापर्यंत आईंना त्यातूनच न्या, गेटवर टॅग लावून घ्या, उतरल्यावर दारातच परत देतात. पिशवी तेवढी काढून हातात घ्या.