'चीफ कॉन्स्टेबल'ला मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडातल्या पोलिसांवरच्या मजकुराचा अनुवाद करतोय. कॅप्टन ॲथलस्टन पॉपकेस लष्करातून आले आणि १९३० ते १९५९ नॉटिंगहॅमचे 'चीफ कॉन्स्टेबल' होते. मी बेधडक 'मुख्य हवालदार' लिहिलं. संपादकबाईंनी समासात लाल पेनने विचारलंय, 'एकोणतीस वर्षं बढतीच नाही?'

— बाईंचं बरोबर आहे! हवालदार म्हणजे हेड कॉन्स्टेबल, दंडावर तीन फिती. चीफ कॉन्स्टेबल हा तिकडे अख्ख्या दलाचा धनी. १८३९च्या कायद्याने काउंट्यांना पोलीस दलं उभारता आली, आणि त्या खुर्चीवर बऱ्याच ठिकाणी फौजेतले अधिकारी आणून बसवले. एसेक्सला तर नौदलाचे मॅकहार्डी १८४० ते १८८१ ठाण मांडून होते. 'पोलीस अधीक्षक'ही नको, कारण ब्रिटिश सुपरिंटेंडंट बराच खालचा. आणि 'आयुक्त' म्हणाल तर कमिशनर लंडनच्या दोन दलांनाच.

— थोडं विषयांतर. कॉन्स्टेबल मुळात लॅटिन 'कोमेस स्टाबुली', म्हणजे पागेवरचा सरदार. फ्रान्सात हा शब्द चढत चढत सरसेनापतीपर्यंत गेला, इंग्लंडात उतरत उतरत गावच्या राखणदारापर्यंत आला. 'चीफ' लावून त्याला परत घोड्यावर बसवलं, इतकंच.

— माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. १८२९मध्ये लंडनचं दल उभं राहिलं तेव्हा दोन प्रमुखांपैकी कर्नल चार्ल्स रोवन वॉटर्लूला लढलेले होते (दुसरे मेन, ते बॅरिस्टर). पण लोकांना पोलीस म्हणजे पलटण वाटू नये म्हणून केवढी खटपट! पलटणीचा लाल डगला टाळून निळा घेतला, डोक्यावर साधी उंच टोपी, पदनामांत फौजेतला एकटा 'सार्जंट'. आपल्याकडे मात्र शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, फौजदार, सगळे फौजेतूनच आलेले. यातला कुठलाही शब्द वापरलात की रोवनसाहेबांनी उतरवलेला लाल डगला तुम्ही परत चढवलात. 'चीफ कॉन्स्टेबल'च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे शहराचे पोलीसप्रमुख' एवढं जोडा.

— पटलं, तसंच करतो. आता 'कॅप्टन'चं 'कप्तान' करू का?

— नका करू. वाचक थेट वानखेडेवर पोचेल.