अनुभव धागा: जीन्स सैल पडू नये म्हणून तुम्ही काय करता?

दुकानात अगदी मापात बसलेली जीन्स थोडे दिवस वापरली की गुडघ्यांवर फुगते, मागे झोळ पडतो आणि बेल्ट नसेल तर सारखी वर ओढावी लागते. धुतल्यावर पुन्हा छान बसते, पण संध्याकाळपर्यंत परत तेच. याउलट काही जीन्स वर्षानुवर्षं अंगाला तशाच राहतात. हा फरक नेमका कुठून येतो आणि आपल्या हातात त्यातलं किती असतं, हे जाणून घ्यायचं आहे.

एकच विनंती. जीन्स पूर्ण सुती होती की स्ट्रेचवाली, हे आवर्जून लिहा. आतल्या बाजूला शिवलेल्या लेबलवर ते असतं. हे कळल्याशिवाय एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडणार नाही. माझ्या ज्या जीन्सने सगळ्यात जास्त छळलं, तिच्या लेबलवर ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलास्टेन (रबरासारखा ताणला जाणारा धागा) आहे.

ताणाबाणा

चांगला विषय. कापडाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेनिममध्ये, म्हणजे जीन्सच्या कापडात, उभा धागा म्हणजे ताणा निळा रंगवलेला असतो आणि आडवा बाणा पांढरा. स्ट्रेच जीन्समधलं इलास्टेन बहुतेक वेळा या बाण्यात असतं. इलास्टेनची बारीक तार मध्ये आणि तिच्याभोवती कापूस गुंडाळलेला, असं ते सूत. म्हणून अशी जीन्स आडवी ताणली जाते, उभी फारशी नाही. लायक्रा, स्पॅन्डेक्स, इलास्टेन ही एकाच गोष्टीची नावं. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी हा धागा तयार केला.

कापड किती ताणलं जातं, याचंच सगळ्यांना कौतुक. सोडल्यावर ते किती परत येतं, हे कुणी बघत नाही आणि जीन्स टिकते ती त्यावर. दुकानात मांडीवरचं कापड आडवं चिमटीत धरून ताणा, क्षणभर थांबा, सोडा. लगेच सपाट झालं तर ठीक. तिथे लाट किंवा फुगवटा राहिला तर ती जीन्स घेऊ नका, कितीही मऊ लागू दे. बाण्यात इलास्टेनबरोबर पॉलिएस्टरची तारही असेल तर कापड सहसा जास्त चांगलं परत येतं. लेबलवर थोडं पॉलिएस्टर दिसलं म्हणून नाक मुरडू नका.

निळी_घडी

माझ्या सगळ्या जीन्स पूर्ण सुती. त्यांचं गणित वेगळं असतं. सुती डेनिम घालून घालून सैल पडतं, पण धुतलं की सूत पाण्याने फुगतं आणि कापड पुन्हा आटतं. म्हणजे सैल झालेली सुती जीन्स बिघडलेली नसते, तिला फक्त पाणी हवं असतं.

मी घेतानाच घट्ट घेते. बटण लावायला थोडा जोर लागला पाहिजे, पण श्वास अडकता कामा नये. कंबर वापराने इंचभर तरी सैल होतेच. लांबी मात्र थोडी जास्तच ठेवते, कारण धुण्यात ती कमी होते. सॅनफोराइज्ड कापड, म्हणजे गिरणीतच आटवून घेतलेलं, पुढे अगदी थोडं आटतं. न आटवलेलं कोरं डेनिम पहिल्या गरम धुण्यात दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं. घेताना हे विचारून घ्याच.

साधासरळ

सैल झाली की गरम पाण्यात धुवायची आणि ड्रायरमध्ये कडक वाळवायची. आमच्या घरी सगळ्या जीन्सना हाच उपाय आणि दर वेळी गुण येतो.

ताणाबाणा

साधासरळ, सुती जीन्सला चालेल, पण स्ट्रेचवालीला कृपा करून हे करू नका. तिच्यातला कापूस आटतो, म्हणून त्या दिवशी जीन्स घट्ट वाटते. पण उष्णतेने इलास्टेन हळूहळू कमजोर होत जातं आणि प्रत्येक वेळी परत येण्याची ताकद थोडी कमी होते. क्लोरीनच्या ब्लीचनेही तेच होतं. इलास्टेन एकदा गेलं की कुठल्याही धुण्याने परत येत नाही.

ते गेलं आहे का, हे पाहायचं असेल तर जीन्स उलटी करून मांड्यांच्या आतली आणि बसायची बाजू उजेडात धरा. कापडातून केसासारख्या बारीक पांढऱ्या तारा वर आलेल्या दिसतील. बोटाने ओढली तर रबरासारखी ताणली जाते किंवा पटकन तुटते. तेच तुटलेलं इलास्टेन. मग त्या भागात लाटा पडतात आणि इस्त्रीनेही जात नाहीत.

दोरीवरचे_कपडे

ताणाबाणा, ते केसासारखे धागे काय असतात हे आज कळलं! मी ते कात्रीने कापत होते.

माझा अनुभव वाळवण्याचा. ओली जीन्स भयंकर जड असते. कमरेला दोन्ही टोकांना चिमटे लावून पसरून टांगली की कंबर ताणलेल्या अवस्थेतच वाळते. आता मी धुण्याआधीच बटण आणि चेन लावते, जीन्स उलटी करते आणि थंड पाण्यात धुते. वाळताना पिळत नाही. दोन्ही पाय शिवणीला शिवण जुळवून दोरीवर मधोमध दुमडून टाकते, सावलीत. ही स्ट्रेचवाली जीन्स आहे आणि कंबर अजून घट्ट आहे.

सॉफ्टनर पूर्ण बंद केलं. त्याने धाग्यांवर थर बसतो, कापड मऊ आणि ढिलं लागतं.

प्रवासी_पाऊल

+१ सॉफ्टनर बंद करण्याला. फरक पडतो.

निळी_घडी

गुडघ्यांबद्दल लिहायचं राहिलं. दिवसभर गुडघे मुडपून बसायचं काम असेल तर फुगवटा येणारच. दर वेळी धुवायची गरज नाही. जीन्स उलटी करून गुडघ्याच्या भागावर ओला फडका ठेवायचा आणि वरून इस्त्री दाबायची. फिरवायची नाही, दाबायची आणि उचलायची. वाफेने तेवढाच भाग आटतो. पूर्ण सुती कापडावर छान जमतं. स्ट्रेचवर इस्त्री मंद ठेवून एखाद्या वेळी ठीक, सवय नको.

आणि तीच जीन्स रोज घालू नका. मधे एखादा दिवस घडी घालून ठेवली तर कापड थोडं सावरतं. मला तर हाच सगळ्यात कमी कष्टाचा उपाय वाटतो.

साधासरळ

लेबलं बघितली. घरातल्या निम्म्याहून जास्त जीन्स स्ट्रेचवाल्या निघाल्या. त्यांचा ड्रायर आजपासून बंद. पण एका जीन्सची कंबर पार गेली आहे, बाकी पाय, मांड्या सगळं ठीक आहे. तिचं काही होईल का?

सुईदोरा

होईल. शिवणकाम करते, म्हणून नीट सांगते. कंबर फक्त बाजूच्या शिवणीतून आत घेऊ नका, खिशांची आणि मांडीची ठेवण बिघडते. मागे मधोमध काम करायचं. बेल्टचा मधला लूप काढायचा, तिथे कातडी पट्टी असेल तर तीही सोडवायची. कमरेची पट्टी उसवायची, मग खालची बसायची शिवण लागेल तेवढी उसवायची. कंबर इंच-दीड इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि ते लगेच नजरेत भरतं.

मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई आणि जाड दोरा हवा. जिथे कापडाचे थर एकावर एक येतात तिथे हातोडीने हलकेच ठोकून सपाट करून घ्या, म्हणजे सुई मोडत नाही आणि टाका चुकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, माप घ्यायच्या आधी जीन्स धुऊन वाळवा. सैल अवस्थेत माप घेऊन शिवलं तर पहिल्याच धुण्यानंतर कंबर आवळते. धुतल्यावर घाला, थोडा वेळ बसा, उठा, मग मागे जेवढं कापड चिमटीत येतं तिथे टाचणी लावा. ती टाचणी उभं राहून एकदा आणि बसून एकदा तपासा. बसल्यावर टोचत असेल तर अर्धा इंच सोडा.