मदत हवी आहे: दंडावर रेडक्रॉसचा पट्टा असलेला आजोबांचा फोटो. युनिट कसं शोधू?

शोधयात्री
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. माझ्या आजोबांचा (आईचे वडील) सैन्यातला फोटो खाली देतेय. दंडावर रेडक्रॉसचा पट्टा आहे, म्हणजे ते मेडिकल कोअरमध्ये होते हे उघड आहे. लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं की नुसत्या नावावरून नोंद सापडत नाही, सेवा क्रमांक कळवा. पण तो क्रमांकच तर मला हवाय! गावात माजी सैनिकांच्या नावांचा फलक लागतोय. त्यासाठी युनिट आणि क्रमांक मागतायत आणि महिनाअखेर यादी बंद होणार. टोपीवरचा बिल्ला कुणाला ओळखता आला तर फार बरं होईल.
(प्रचि १)

रानवारा
फोटो जपून ठेवलाय हे पाहून बरं वाटलं. पण ताई, आजोबा भरती कधी झाले? घरी कधी आले? जवान होते की अधिकारी? फोटो कुठल्या सालचा? यातलं काहीच लिहिलेलं नाहीत. बिल्ला पुसट आहे, नुसता गोलसर ठिपका दिसतोय.

कागदवेडा
सरळ माहितीचा अधिकार टाका. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी माझ्या चुलत्यांची माहिती अशीच काढली. फोटो बघत बसण्यात वेळ घालवू नका.

शोधयात्री
@कागदवेडा, माहिती अधिकारात तरी क्रमांकाशिवाय ते काय शोधणार? आणि महिनाअखेरीला ३० दिवस नाहीत.
@रानवारा, जवान होते. साल आईला नक्की सांगता येत नाही.

निवृत्त_हवालदार
मी स्वतः आर्मी मेडिकल कोअरमध्ये (एएमसी) नर्सिंग असिस्टंट होतो. आमचा बिल्ला म्हणजे काठीला वेटोळं घातलेला साप, भोवती पानांची माळ, वर अशोकस्तंभाचे सिंह. १९५० च्या आधी सिंहांच्या जागी मुकुट होता. ३ एप्रिल १९४३ ला इंडियन मेडिकल सर्व्हिस, इंडियन मेडिकल डिपार्टमेंट आणि हॉस्पिटल कोअर एकत्र करून ही कोअर उभी राहिली. ब्रीद 'सर्वे सन्तु निरामया:'. तुमच्या फोटोतल्या बिल्ल्यात मला उभी काठी दिसत नाही. मोठा करून टाका.
माझाही एक जुना फोटो देतो. तंबूबाहेर उभा आहे, पायाशी थॉमस स्प्लिंट पडलंय. मांडीचं हाड मोडलं की हे बांधल्याशिवाय जखमीला हलवायचं नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं होतं.
(प्रचि २)

रंगकर्मी७
शोधयात्री, तुमचा फोटो एआयकडून रंगवून घेतला, खाली बघा. टोपी मरून आली! म्हणजे पॅराशूट युनिट. ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स (गाडी नव्हे, लढाईजवळ जखमींवर उपचार करणारं युनिट) असणार, जी कोरियाच्या युद्धात गेली होती.
(प्रचि ३)

रानवारा
६० पॅरा फील्ड अँब्युलन्स म्हणजे फार मोठं नाव. १९५० च्या नोव्हेंबरात कोरियात पोचली आणि १९५४ पर्यंत तिथे होती. मार्च १९५१ मध्ये मुनसान-नीला अमेरिकन १८७ व्या एअरबोर्न तुकडीबरोबर आपल्या डॉक्टरांनी आणि जवानांनी छत्रीने उड्या मारल्या. कमांडर लेफ्टनंट कर्नल रंगराज, त्यांना महावीर चक्र मिळालं. हे शाळेत कुणी शिकवत नाही.

सोलापूरकर
अवांतर: परदेशातल्या युद्धात जखमींची सेवा म्हटलं की आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. चीनमध्ये आजही त्यांना मानतात.

निवृत्त_हवालदार
कोटणीसांबद्दल आदर आहेच, पण ते आपल्या सैन्याचे नव्हते, काँग्रेसने पाठवलेल्या पथकातले होते. धागा भरकटतोय.
आणि @रंगकर्मी७, काळ्यापांढऱ्या फोटोतून खरा रंग येणार कुठून? यंत्राने अंदाजाने भरलेला रंग तो. त्यावरून पॅराशूट म्हणणं म्हणजे हवेत इमले. पॅरावाला असेल तर छत्रीच्या पंखांचं चिन्ह कुठे आहे?

रंगकर्मी७
काका, अंदाज असला तरी करड्या छटांवरून बराच जवळचा येतो. माझ्या पणजोबांच्या फोटोत बरोबर आला होता.

शोधयात्री
कृपया भांडू नका. आईला परत विचारलं. आजोबा '६२ च्या चीन युद्धाच्या थोडं आधी भरती झाले, '६५ च्या लढाईत होते, त्यानंतर काही वर्षांनी घरी आले. म्हणजे कोरिया नाहीच.

रानवारा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आपण सगळे मुनसान-नीला जाऊन आलो नसतो ताई 🙂 असो. पेन्शन होती का?

शोधयात्री
नव्हती. आजीलाही काही मिळालं नाही. ती आता नाही.

हक्कदार
पेन्शन नव्हती असं कसं? त्या काळी रंगसेवा (सैन्यातली प्रत्यक्ष नोकरी) आणि राखीव सेवा मिळून १५ वर्षं भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन बसायची. आधी तो हक्क तपासा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करा, आजोबांच्या डिस्चार्ज बुकची प्रत जोडा, बँकेचा तपशील द्या...

शोधयात्री
@हक्कदार, मला पेन्शन नको आहे, आणि डिस्चार्ज बुक असतं तर हा धागाच काढला नसता. फक्त क्रमांक आणि युनिट.

तिसरा_डोळा
सैन्याशी माझा संबंध नाही, जुन्या फोटोंचं काम करतो. एक गोष्ट कुणीच म्हणाली नाही: प्रचि १ उलटा आहे. शर्टाची बटणपट्टी बघा. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते, इथे उजवी डावीवर आली आहे. निगेटिव्ह उलटी धरून छापली की असं होतं. म्हणजे दंडावरचा पट्टा उजव्या नव्हे, डाव्या हाताला आहे, आणि बिल्लाही आरशातल्यासारखा दिसतोय. सुलटा करून, टोपीचा भाग मोठा करून देतोय.
(प्रचि ४)

रेजिमेंटचा_डॉक्टर
शाब्बास तिसरा_डोळा. पट्टा उजव्या हाताला का, हे मलाही खटकत होतं. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या कलम ४० प्रमाणे तो डाव्या दंडावर बांधायचा असतो, ओल लागली तरी टिकेल असा, त्यावर सैन्याचा शिक्का.
आता क्रॉसचा आकार बघा. पांढरा पट्टा रुंद आहे आणि क्रॉस मधोमध लहानसा. कलम ४१ मध्ये याचीच तरतूद आहे. जे कायम वैद्यकीय सेवेत नसतात, पण वेळ पडली तर स्ट्रेचर उचलायला किंवा शुश्रूषेला शिकवून तयार केलेले असतात, त्यांनी ते काम करताना लहान चिन्हाचा पट्टा बांधायचा. शोधयात्री, आजोबा एएमसीचे नसण्याची शक्यता बरीच आहे.

शोधयात्री
असं कसं सर? आई लहानपणापासून ऐकत आलीय की ते जखमींना उचलून आणायचे, पट्ट्या बांधायचे.

रेजिमेंटचा_डॉक्टर
तेच तर सांगतोय. मी इन्फंट्री बटालियनचा आरएमओ, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर होतो. बटालियनमध्ये डॉक्टर एएमसीचा, त्याच्याबरोबर एएमसीचे मोजके नर्सिंग असिस्टंट. गोळी लागलेल्या माणसाला मोर्च्यावरून उचलून रेजिमेंटल एड पोस्टपर्यंत आणतात ते स्ट्रेचर बेअरर मात्र बटालियनचे स्वतःचे जवान असतात. एड पोस्टवर रक्त थांबवायचं, फील्ड ड्रेसिंग नीट करायचं, मॉर्फिया दिला तर तशी खूण करायची, म्हणजे पुढचा माणूस चुकून दुसरा डोस देत नाही. तिथून फील्ड अँब्युलन्सच्या ड्रेसिंग स्टेशनला, तिथून हॉस्पिटलला. या साखळीतला पहिला, सगळ्यात उघड्यावरचा टप्पा स्ट्रेचरवाल्यांचा. गोळीबार चालू असताना दोघाचौघांनी वाकून, चढउतारावर, जखमीला न हिसडता आणायचं. माझ्या हाताखाली जी माणसं वाचली त्यांतली कितीतरी आधी त्यांच्या खांद्यांनी वाचवलेली होती. त्यांच्या नावामागे 'मेडिकल' लागत नाही, म्हणून ते शोधणाऱ्याला सापडत नाहीत.

गनिमीकावा
पण सर, फोटोत कमरेला पिस्तुलाचं पाकीट आहे. रेडक्रॉसवाल्याला हत्यार चालत नाही ना? मग हा सगळा फोटो स्टुडिओतला देखावा तर नसेल?

निवृत्त_हवालदार
चालतं. स्वतःच्या आणि जखमींच्या बचावासाठी हत्यार बाळगता येतं, आम्हाला पहिल्या दिवसांतच शिकवतात. त्याच जिनिव्हा कराराचं कलम २२. आणि दुसऱ्याच्या आजोबांच्या फोटोला देखावा म्हणण्याआधी माणसाने विचार करावा.
डॉक्टरसाहेबांशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. पट्टे युनिटमध्येही शिवून घेतले जायचे, तेव्हा क्रॉसच्या आकारावर इतकं विसंबू नये.

रेजिमेंटचा_डॉक्टर
मान्य. एकटा आकार पुरावा नाही. म्हणूनच विचारतो: शोधयात्री, आजोबा बँडमध्ये होते का? शांततेच्या काळात बँड वाजवणारे जवानच लढाईत स्ट्रेचर बेअरर होतात.

शोधयात्री
बिगुल घेतलेला एक फोटो आहे! पण तो कवायतीचा वाटला, म्हणून टाकला नव्हता. आता टाकते. मागे पेन्सिलने 'बेळगाव' लिहिलंय आणि पुढे एक अक्षर पुसलंय.
(प्रचि ५)

तिसरा_डोळा
प्रचि ५ सुलटा आहे आणि बिल्ला जास्त स्पष्ट. खाली वाकलेला कर्णा, वर त्याची दोरी. प्रचि ४ मधला गोलसर ठिपका याच आकाराशी जुळतो.

रानवारा
बेळगाव आणि बिल्ल्यात बिगुल! मराठा लाइट इन्फंट्री. रेजिमेंटचं सेंटर बेळगावला.

गनिमीकावा
महार रेजिमेंटही १९४१ मध्ये बेळगावलाच उभी राहिली होती. तिकडेही विचारून ठेवा.

रानवारा
महारचा बिल्ला म्हणजे फुलीसारख्या दोन मशीनगन आणि मध्ये खंजीर. त्यांचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे. इथे बिगुल आहे, त्यामुळे ती शंका नको.

निवृत्त_हवालदार
बिगुलवाला फोटो आधी आला असता तर लखनौचं पत्र वाचलं असतं, पण ठीक. मी माझं म्हणणं सोडतो, डॉक्टरसाहेब बरोबर आहेत. आता एक महत्त्वाचं: घरात एखादं पदक आहे का? '६५ ला रक्षा मेडल बऱ्याच जणांना मिळालं, सैन्य सेवा मेडलही असू शकतं. पदकाच्या कडेवर, नाण्याच्या धारेसारखी बाजू असते तिथे, क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. पुष्कळ घरांत पदक पुढून घासून लखलखीत करतात आणि कडेकडे कुणी बघत नाही.

शोधयात्री
मोठ्या मामाकडे एक आहे, पेटीत. त्याला आत्ता फोन करते.

रंगकर्मी७
मराठा लाइट इन्फंट्री असेल तर टोपी हिरवी करून रंगवू का?

शोधयात्री
नको दादा, काळापांढराच राहू दे.
मामाचा फोन आला. पदकाची कड चिंचेने वगैरे न घासता नुसत्या ओल्या फडक्याने पुसली आणि भिंगाखाली धरली. आधी आकडे आहेत, मग 'सेप', मग आजोबांचं नाव, आणि शेवटी इंग्रजीत 'मराठा' व पुढे दोन पुसट अक्षरं. मामा म्हणाला, इतकी वर्षं पदक त्याच्याजवळ आहे पण कड त्याने कधी बघितली नव्हती. आकडे इथे लिहू का?

रेजिमेंटचा_डॉक्टर
मुळीच नको! सेवा क्रमांक आणि पूर्ण नाव उघड्यावर टाकू नका, त्याचा गैरवापर होतो. 'सेप' म्हणजे सिपॉय, शिपाई. आता लखनौ नाही, बेळगावला 'रेकॉर्ड्स, मराठा लाइट इन्फंट्री' यांना लिहा.

निवृत्त_हवालदार
पत्रात नातं सिद्ध करणारा कागद जोडा, पदकाच्या कडेचा फोटो आणि बिगुलवाला फोटो जोडा. पेन्शन नसलेल्यांची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे फाइल नाही असं उत्तर आलं तरी निराश होऊ नका. 'लाँग रोल' नावाची, भरती झालेल्या प्रत्येकाची थोडक्यात नोंद कायम ठेवतात. तिचा उल्लेख करूनच मागा.
महिनाअखेरीचं म्हणाल तर हेच फोटो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना भेटा. फलकवाल्यांना पदकावरचं कोरीव लिखाण पुरेसं व्हायला हवं.

भाचेमंडळी
इतके जाणकार आहेत म्हणून विचारतो. माझ्या भाच्याला नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती व्हायचंय. आर्ट्सने बारावी झाली तर चालेल का?

निवृत्त_हवालदार
नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

शोधयात्री
बेळगावला पत्र टाकलं, लाँग रोलचा उल्लेख केलाय. फलकवाल्यांनी पदकाचा फोटो पुरावा म्हणून घेतला, शिपाई आणि मराठा लाइट इन्फंट्री असं लिहिणार आहेत. मी त्यांना 'स्ट्रेचर बेअरर' हेही लिहा म्हणून सांगितलंय. ते म्हणतात तसा रकाना नाही. मी सोडणार नाहीये, कारण ते काय करत होते ते त्या एका शब्दात आहे. सगळ्यांचे आभार, विशेषतः तिसरा_डोळा, डॉक्टरसाहेब आणि हवालदारकाका.

रेजिमेंटचा_डॉक्टर
अजिबात सोडू नका. पत्र हवं असेल तर माजी आरएमओ म्हणून मी लिहून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कागदवेडा
पत्राची पोचपावती सांभाळून ठेवा. उत्तर नाही आलं तर आता क्रमांक आहे, माहितीचा अधिकार टाकता येईलच.