मोझेल खोऱ्यातील ड्राय एल्बलिंगविषयी मदत हवी आहे

नमस्कार. जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षजातीसाठी प्रसिद्ध असले, तरी ट्रिअर शहराच्या वरच्या अंगाला, जिथे पलीकडचा काठ लक्झेंबर्गचा आहे आणि स्लेटऐवजी चुनखडीची जमीन लागते, तिथे एल्बलिंग ही जुनी पांढरी द्राक्षजात अजून टिकून आहे. तिची ‘ट्रोकन’, म्हणजे ड्राय (गोड नसलेली), वाइन मला घ्यायची आहे. ट्रोकनमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते. एल्बलिंगची आम्लता मात्र मुळातच तीव्र असते (फेसाळ ‘झेक्ट’साठी तिला मागणी असते ती त्यामुळेच), तेव्हा जेवणासोबत ती फार आंबट लागते का? नदीच्या तळलेल्या माशांबरोबर कोणी घेतली आहे का? शिवाय ती ताजीच संपवावी की एकदोन वर्षे ठेवता येते, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. विक्रेत्याच्या स्तुतीपेक्षा त्यावर माझा अधिक भरवसा आहे.