मदत हवी आहे : कादंबरीतला ओपिनेल

मंडळी, परवा रत्नागिरीत वीज गेली, म्हणून टॉर्चच्या उजेडात एक इंग्रजी रहस्यकथा काढली. नायक खिशातून चाकू काढतो आणि नाव चक्क ओपिनेल, म्हणजे तो लाकडी मुठीचा, घडीचा फ्रेंच चाकू! माझ्याही खिशात तोच, आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. (कार्बन स्टीलचं पातं, आपल्या खाऱ्या हवेत लगेच गंजतं. मी खोबरेल चोपडून ठेवतो.)

पण गोष्ट १९४० सालची, आणि हा गडी मुठीवरची कडी फिरवून उघडलेलं पातं पक्कं करतो! चाकू १८९० पासूनचा खरा, पण ती कडी आली १९५५ मध्ये. लेखक घसरलाच की!

तुम्हाला ओपिनेल आणखी कुठल्या कादंबरीत नावानिशी भेटलाय? मराठीत असेल तर आधी सांगा. नुसता 'खिशातला चाकू' चालणार नाही हं.