बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' कंट्री आहे की नाही? ऐकणाऱ्यांनी सांगा

रेकॉर्डवेडा:
मार्च २०२४ मधे आला तेव्हा मी बियॉन्सेचा हा अल्बम अर्धा ऐकून सोडला होता, आता महिनाभर रोज ऐकतोय आणि डोक्यातून जातच नाहीये. पण एक कोडं सुटत नाही, हा कंट्री (अमेरिकेच्या खेड्यापाड्यातून आलेलं संगीत) आहे का? समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, २०२५ च्या ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर आणि बेस्ट कंट्री अल्बम दोन्ही मिळाले, आणि कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल, तिथल्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) अवॉर्ड्समधे २०२४ ला एकही नॉमिनेशन नाही. एकही! ती स्वतः म्हणाली की हा कंट्री अल्बम नाही, बियॉन्सेचा अल्बम आहे. तुमच्या कानाला काय वाटतं?

ह्यूस्टनकर:
अरे ती आमच्या गावची आहे, ह्यूस्टनची. इथे रोडिओला (काउबॉयच्या घोडेस्वारीच्या खेळांना) जाऊन बघ, ब्लॅक काउबॉय पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आपल्याला सिनेमात दिसले नाहीत एवढंच. २०१६ ला ती सीएमएच्या स्टेजवर चिक्स या कंट्री बँडसोबत गायली तेव्हा कंट्रीवाल्या बऱ्याच लोकांनी नेटवर इतकं वाईटसाईट लिहिलं की वाचवत नव्हतं. हा अल्बम करताना तिने सांगितलं की जिथे आपलं स्वागत झालं नाही अशा एका अनुभवातून तो आलाय. त्यामुळे मला तरी नॉमिनेशनचं आश्चर्य वाटलं नाही, राग आला.

पाचतारी:
मी बँजो शिकतोय (गणपतीतल्या बेंजो पार्टीतला नव्हे, ते बुलबुलतरंग) म्हणून सांगतो. या अल्बममधल्या टेक्सस होल्ड एम गाण्याच्या सुरुवातीला जो बँजो वाजतो तो रियानन गिडन्स या ब्लॅक बँजोवादक बाईचा. आणि बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं वाद्य, भोपळ्याला कातडं ताणून बनवलेलं. म्हणजे ज्यांच्या वाद्यावर हे संगीत उभं राहिलं त्यांनाच विचारायचं की तुम्ही इथे कशा काय? त्याच गाण्याने बियॉन्से बिलबोर्ड मासिकाच्या हॉट कंट्री साँग्ज या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १ नंबरवर जाणारी पहिली ब्लॅक बाई ठरली, तेही २०२४ साली. इतकी वर्षं का लागली ते सांगा मला.

सुमन_ऐकते:
तुमचं सगळं पटतं पण अल्बम म्हणून मला तो फार लांबला. २७ ट्रॅक, सव्वा तासाच्या वर, मधेमधे रेडिओचे तुकडे, शेवटी शेवटी तर क्लबची गाणी. आणि जोलीन! डॉली पार्टनच्या १९७३ च्या गाण्यात ती बाई हात जोडते, माझा माणूस नेऊ नकोस म्हणते, त्या लाचारीतच गाण्याचा जीव आहे. बियॉन्सेने तिथे दम दिलाय. डॉलीला चाललं, अल्बमवर तिचा आवाजही आहे, पण माझ्या पोटात तुटलं नाही. बीटल्सच्या ब्लॅकबर्डला मात्र चार तरुण ब्लॅक कंट्री गायिका सोबत घेतल्यात, ते दर वेळी ऐकताना काटा येतो.

पाचतारी:
सुमनताई, लांबीचं मान्य. जोलीनचं नाही, ते नंतर भांडू.

ह्यूस्टनकर:
आणि लिंडा मार्टेल कुणी काढलीच नाही अजून? १९६९ ला ग्रँड ओल ऑप्रीत (नॅशव्हिलचा जुना, मानाचा कंट्री कार्यक्रम) एकटी गायलेली पहिली ब्लॅक बाई. १९७० ला तिचा एकच अल्बम आला, कलर मी कंट्री, मग कंट्रीतलं तिचं गाणं सुटलंच. बियॉन्सेच्या या अल्बममधे तीच म्हातारी जॉनरबद्दल (संगीतप्रकारांबद्दल) बोलते. रेकॉर्डवेडा, आधी तिचा अल्बम ऐक, मग तुझा प्रश्न परत विचार.

रेकॉर्डवेडा:
लावलाय. दुसऱ्या गाण्यावर आहे. काय आवाज आहे हो हा, आणि एकच अल्बम?